अफवांची वही



आज हप्त्याचं बोलायचं नाही, बँकेच्या फॉर्मचंही नाही. आज बोलायचंय ते फोनवर येणाऱ्या खोट्या मेसेजबद्दल. त्यातही परदेशात बसून कुणीतरी मुद्दाम पेरलेल्या खोट्याबद्दल. काही जणी म्हणतील, परदेशाचा आणि आमचा काय संबंध? आमची म्हैस आटलीय, सोयाबीनला भाव नाही, त्याचं बोला. म्हैस आणि सोयाबीन राहतंच, त्याबद्दल पुढच्या आठवड्यात बोलू. पण हा फोन आता चुलीजवळही आहे आणि गोठ्यातही आहे. त्यातून येणारी प्रत्येक गोष्ट गावातल्याच माणसाने पाठवलेली असते. मुळात ती निघाली कुठून, हे मात्र त्यालाही माहीत नसतं.

आधी एक लांबची गोष्ट सांगते. लांबची आहे म्हणून सोडू नका, ती नीट कळली की पुढचं सगळं सोपं आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टन नावाचं मोठं शहर आहे. २१ मे २०१६ ला तिथल्या एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव उभे राहिले. रस्त्याच्या एका बाजूला मुसलमानांच्या विरोधात घोषणा देणारे, दुसऱ्या बाजूला त्यांना उत्तर द्यायला आलेले. मधे पोलीस. एका बाजूच्या लोकांना फेसबुकवरच्या ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या पेजने बोलावलं होतं. दुसऱ्या बाजूला ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पेजची हाक होती. दोन्हीकडची माणसं खरी होती, त्यांचा रागही खरा होता. पण बोलावणारं कुणी तिथं दिसेना. दिसणार कुठून? दोन्ही पेजेस एकाच कचेरीतून चालत होती, आणि ती कचेरी अमेरिकेत नव्हतीच. ती होती रशियात, सेंट पीटर्सबर्ग शहरात.

हे उघड झालं दीड वर्षाने, १ नोव्हेंबर २०१७ ला, अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीपुढं. समितीचे अध्यक्ष रिचर्ड बर यांनी सांगितलं की हा सगळा प्रकार घडवायला रशियातून सुमारे दोनशे डॉलर खर्च झाले. तेव्हाच्या भावाने तेरा हजारांच्या आसपास रुपये. आपल्या एका गटाचं अंतर्गत कर्ज यापेक्षा मोठं असतं, बायांनो. तेवढ्या पैशात दुसऱ्या देशातली माणसं एकमेकांसमोर उभी करता आली.

आता यात खोटं काय होतं ते नीट बघा. मुसलमानांबद्दल कुणाला राग होता, तो आधीपासून होता. केंद्र खरं होतं, तारीख खरी होती. खोटं एवढंच होतं की “मी तुमच्यातलाच आहे, चला.” मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण खोटा मेसेज ओळखायला बसतो तेव्हा फक्त आत लिहिलेलं खरं की खोटं ते बघतो. बोलणारा कोण आहे, हे बघायचं राहूनच जातं.

त्या कचेरीचं नाव इंटरनेट रिसर्च एजन्सी. येवगेनी प्रिगोझिन नावाच्या श्रीमंत माणसाने २०२३ मध्ये स्वतःच कबूल केलं की ती त्याने काढली. पण तिच्या आत काय चालतं हे जगाला आठ वर्षं आधी सांगितलं ते एका बाईने. ल्युदमिला सावचुक, दोन लेकरांची आई, पेशाने पत्रकार. २०१५ च्या सुरुवातीला ती तिथं नोकरीला लागली, दोन-अडीच महिने काम केलं, आणि बाहेर येऊन सगळं सांगून टाकलं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, खोटी नावं, आज कुणाला नावं ठेवायची आणि कुणाचं कौतुक करायचं याच्या रोजच्या सूचना. मग तिने कचेरीवर खटला भरला आणि कोर्टाने तिला भरपाई दिली एक रुबल. रुबल म्हणजे तिकडचा रुपया. बाईने रक्कम बघितली नाही. कचेरी खरंच आहे हे कोर्टाच्या कागदावर आलं, तेच तिला हवं होतं.

सावचुकने तिथं केलेलं एक काम मला विसरता येत नाही. तिला आणि तिच्या जोडीदारांना इंटरनेटवर एक खोटी ज्योतिषीण चालवायची होती. कांतादोरा तिचं नाव. ही कांतादोरा काय सांगायची? नवऱ्याशी कसं जुळवून घ्यावं, वजन कसं कमी करावं, घरात कुठली वस्तू कुठल्या दिशेला ठेवावी. रोज हेच. आणि मधेच एखाद्या दिवशी, स्वप्नात दिसलं म्हणून, शेजारच्या देशाबद्दल किंवा अमेरिकेबद्दल दोन ओळी. वाचणाऱ्या बाईला वाटणार, एवढं चांगलं सांगणारी ताई, ही कशाला खोटं बोलेल?

आता आपल्या फोनमधले ग्रुप आठवा. सकाळी देवाचा फोटो, दुपारी केस गळतीवर कांद्याचा रस, संध्याकाळी रांगोळी, आणि मधेच एक व्हिडिओ की अमुक समाजाची माणसं असं असं करतात. म्हणून प्रत्येक रांगोळीच्या ग्रुपमागं परदेशी माणूस बसलाय असं मी म्हणत नाही. तसा संशय घेत बसलो तर जगणं अवघड होईल. पण गोड बोलून आधी विश्वास कमवायचा आणि मग हळूच दुसरं काही सोडायचं, ही रीत लक्षात ठेवा. भिशीवाले पळून जातात तेही असंच वागतात. पहिले चार महिने पैसे वेळेवर देतात.

आपल्या देशावर असं कुणी करतं का? करतं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वीस यूट्यूब चॅनेल बंद करायला लावले. ते पाकिस्तानातून चालतात आणि एकमेकांशी जुळवून भारताविरुद्ध खोटं पसरवतात, असं मंत्रालयाने सांगितलं. काश्मीर, लष्कर, राममंदिर, अल्पसंख्याक समाज, असे त्यांचे विषय. पुढच्याच महिन्यात आणखी पस्तीस चॅनेल बंद झाले. त्यांचे व्हिडिओ तोवर एकशे तीस कोटींहून जास्त वेळा बघितले गेले होते. विषयांची यादी पुन्हा ऐका. ज्यावरून आपल्या पारावर आधीच वाद होतात, तेच विषय. गाजर गवत असंच बाहेरून आलं म्हणतात, आयात केलेल्या गव्हाबरोबर. पण आज ते वाढतं आपल्या बांधावर, आपल्या पावसावर, आणि उपटायचंही आपणच.

एक गोष्ट मात्र इथं बोललीच पाहिजे, नाहीतर माझं बोलणं अर्धं राहील. असं काम फक्त दुसरे देश करतात असं नाही. २०२० च्या डिसेंबरात युरोपातल्या ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेने एक अहवाल काढला. भारताच्या बाजूने आणि पाकिस्तानच्या विरोधात बोलणाऱ्या साडेसातशे खोट्या वृत्तसंस्था आणि वेबसाइट पंधरा वर्षं चालत होत्या, असं त्यात म्हटलंय. २००६ मध्ये वारलेल्या एका प्राध्यापकाचं नाव २००७ च्या कार्यक्रमाला हजर म्हणून लिहिलेलं त्यांना सापडलं. भारत सरकारने यात आपला हात असल्याचं नाकारलं. मी हे सांगते ते एवढ्यासाठी की खोटं आपल्या बाजूचं असलं की ते आपल्याला गोड लागतं. वही ठेवायची तर दोन्हीकडचं लिहायचं.

वहीकडं येतेच. त्याआधी धुळ्याचं सांगायला हवं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा गाव. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा मेसेजनी सगळ्यांचे फोन भरले होते. जमावाने या पाच जणांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत, बायांनो. जिथं आपण ग्रामसभेला बसतो.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तुमच्यापैकी कित्येकींनी बघितला असेल. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवर दोघं येतात, एका पोराला उचलून पसार होतात. तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा. तिथल्या एका संस्थेने आईबापांना सावध करायला बनवलेली ती जाहिरात होती. शेवटी ती मोटरसायकल परत येते, पोराला खाली सोडते आणि मागचा माणूस एक पाटी दाखवतो की, बघा, कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. आपल्याकडं फिरताना हा शेवट कापलेला होता. मेलेल्या लेकरांचे जे फोटो फिरत होते, ते २०१३ मध्ये सीरिया देशात विषारी वायूचा हल्ला झाला तेव्हाचे.

हे कापलं कुणी? त्यामागं परदेशी कट होता असं मी म्हणणार नाही. शेवट कुणीही कापला असो, पुढं ढकलणारे हात आपलेच होते. आईच्या काळजीने पुढं ढकललं. “खरं नसलं तरी सावध राहिलेलं बरं” असं म्हणून ढकललं. या एका वाक्याला मी फार घाबरते. ह्यूस्टनला निदान दोनशे डॉलर लागले होते, राईनपाड्याला एक रुपयाही लागला नाही. बाहेरच्या माणसाला हे सगळं दिसतं. आपण कशाने घाबरतो आणि घाबरलो की काय करतो, हे त्याला आयतं कळतं.

त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच जागीच पाठवता येईल असं केलं. पुढं २०२० मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच जागी. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण येते. दोन बाण दिसले की समजायचं, हा निदान पाच हातांतून फिरून आलाय. घरातल्या लहान पोरीला विचारा, ती दाखवेल.

आता गेल्या वर्षी-दोन वर्षांत आपल्या पैशापर्यंत आलेली गोष्ट. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान लढाईचे ते चार दिवस आठवा. तेव्हा मेसेज फिरला, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने लगेच सांगितलं की हे खोटं आहे, एटीएम चालू आहेत. पण तोवर आमच्याकडं बँक सखीच्या दारात बायका उभ्या होत्या. गटाची बचत आत्ताच काढून घरी ठेवू, असं म्हणत होत्या. त्या दिवसांत टीव्हीवरही काही मोठ्या चॅनेलनी न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगितल्या. कॉम्प्युटरवरच्या खेळातली दृश्यं लढाईची म्हणून फिरली. एटीएमची अफवा बाहेरून आली की इथेच कुणाच्या डोक्यातून निघाली, हे आपल्याला घरबसल्या कळायचं नाही. पण लढाईच्या वेळी गावागावांत लोकांनी बँकेपुढं रांगा लावाव्यात, यात फायदा कुणाचा, हे कळायला बीए व्हावं लागत नाही.

त्या रांगेनंतर आमच्या ग्रामसंघाने वही सुरू केली. शंभर पानी साधी वही, हजेरीच्या आणि कर्जाच्या रजिस्टरशेजारी ठेवलेली.

जगात हे काम करणारी जी मोठी माणसं आहेत, ती तरी वेगळं काय करतात? एक-एक मेसेज खरा की खोटा तपासून त्यांचं भागत नाही. ती बघतात, तोच मजकूर, तेच शब्द, एकाच तासात किती ठिकाणांहून आला. खातं कधी उघडलं. फोटो कुणाचा चोरला. खातं लिहितं कधी आणि झोपतं कधी, आणि ती झोप कुठल्या देशातल्या रात्रीशी जुळते. तैवानमध्ये तर साध्या नागरिकांचा एक गट २०१८ पासून देवळांत आणि बागांमध्ये जाऊन म्हाताऱ्या माणसांना हेच शिकवतो, कारण त्यांच्यावर समोरच्या चीनमधून येणाऱ्या अशा गोष्टींचा रोजचा मारा आहे. आपल्याकडं कॉम्प्युटर नाही, पण एक मोठी सोय आहे. एका ग्रामसंघात दहा-पंधरा गट, प्रत्येकीचं माहेर वेगळ्या गावात, प्रत्येकीच्या घरातला फोन वेगळ्या ग्रुपमध्ये. तोच मेसेज तीन गावांत एकाच सकाळी आला, हे बैठकीत पाच मिनिटांत कळतं.

वहीत लिहायचं थोडंच. तारीख. मेसेज काय म्हणतो, एका ओळीत. कुठल्या प्रकारच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळ, शेतकरी, शाळा, जो असेल तो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो आपल्याला काय करायला सांगतो. पैसे काढा, अमुकाकडून खरेदी करू नका, दहा जणांना पाठवा, जमा व्हा. जो मेसेज घाईने काहीतरी करायला लावतो, त्याच्याखाली आम्ही लाल रेघ मारतो. मग खरं-खोटं कसं कळलं ते, कळलं असेल तर. नसेल तर जागा कोरी सोडायची. कोरी जागा दिसली की लाज वाटायचं कारण नाही.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या मावश्या या कामात आमच्यापेक्षा हुशार निघाल्या. कारण त्या ऐकतात. मुलं पळवणाऱ्यांचा जुनाच मेसेज पुन्हा आला, त्यात होतं, “आपल्या मुलांना घराच्या बाहेर निघू देऊ नका.” एक मावशी म्हणाल्या, “आपल्यात पोरांना बाहेर सोडू नका म्हणतात. निघू देऊ नका असं कोण बोलतं गं?” खरंच होतं. तो मेसेज कुठून तरी दुसऱ्या भाषेतून उचललेला होता, फक्त तालुक्याचं नाव बदललेलं. आता मशीन बरीच चांगली मराठी बोलायला लागलीय, कुणाचाही आवाज काढते, तेव्हा ही खूण कायम चालेलच असं नाही. पण अजून चालते, तोवर वापरा.

दोन गोष्टींची काळजी घ्या. एक म्हणजे, वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही. मेसेज कुणी पाठवला हे लिहायला लागलो की ती पोलिसाची डायरी होते, आणि निवडणुका आल्या की कुणीतरी ती मागायला येईल. वही मेसेजची आहे, माणसांची नाही. सुरुवातीला आमच्याकडं काही जणींना भीती होती की आपल्या घरातल्यांचं नाव निघेल, म्हणून पहिला महिना वही जवळजवळ कोरीच राहिली. नाव लिहायचं नाही असं ठरलं आणि मग पानं भरायला लागली.

दुसरी काळजी घरातली. मेसेज बहुतेक वेळा सासरे, दीर, नाहीतर मुलगा दाखवतो. सुनेने तोंडावर “हे खोटं आहे” म्हटलं तर मेसेज राहतो बाजूला आणि भलतंच सुरू होतं. आमच्या गटातली एक ताई दिराला एवढंच विचारते, “भाऊजी, हे पेपरात कुठं आलंय का हो? आलं असलं तर मला दाखवा, बैठकीत सांगते.” भाऊजी शोधायला बसतात. सापडत नाही. पुढच्या वेळी तेच म्हणतात, “थांब, आधी बघू दे.” चारचौघांत कुणाला खोटं पाडलं की तो माणूस त्या मेसेजला आणखी घट्ट धरतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता ग्रुपवर कुणाला उत्तर द्यायचंच नाही, एकट्याला फोन करायचा, असं आम्ही ठरवून टाकलंय.

तपासायचं कुठं? केंद्र सरकारच्या योजना, बँक, सैन्य, केंद्राचे आदेश, अशा गोष्टींसाठी पीआयबी फॅक्ट चेकचा व्हॉट्सअॅप नंबर आहे, लिहून घ्या: ८७९९७११२५९. त्यावर मेसेज जसाच्या तसा पाठवता येतो. हे सरकारचं खातं आहे, ते सरकारबद्दलच्याच गोष्टी बघतं. सरकारवर केलेली टीका खोटी आहे का, हे विचारायची ती जागा नव्हे, त्यासाठी दोन-तीन वेगळे पेपर बघावेत. फोटो जुना आहे का हे गुगल लेन्सवर कळतं, कॉलेजातल्या मुलींना ते येतं, एकीला त्या कामाला लावा. फेसबुकच्या पेजवर, ते चालवणारे कुठल्या देशात आहेत, हे पेजच्या माहितीत बघायला मिळतं. पैसे गेले असतील तर मात्र वहीत लिहीत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितकी घाई कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज आला आणि गावात अनोळखी माणूस दिसला, तर ११२ ला फोन. आधी फोन, मग बाकीचं. त्या माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, आणि शक्य असेल तर गटाच्या चार बायांनी तिथंच बसून राहायचं, पोलीस येईपर्यंत. आमच्या ग्रामसंघाने हे ठरावात घातलंय, सह्या-अंगठ्यांसकट.

वहीच्या पानाचा नमुना हवा असेल तर येत्या प्रभागसंघाच्या बैठकीला मी घेऊन येणार आहे. येताना प्रत्येक गटाने या पंधरवड्यात आलेला एक मेसेज आठवून यायचा, खरा असो की खोटा. फोन नसेल तर कानावर आलेला चालेल. तोही आपण टिपून घेऊ.